पहिल्याच वर्षी शंभरीच्या मागे लागू नका

वर्षभरात वेगवेगळ्या साहित्यप्रकारांतली पुस्तकं वाचायचा संकल्प केला असेल, तर यादी करण्याआधी साधं गणित मांडा. रोज २० पानं वाचली, तर ३०० पानांचं पुस्तक पंधरा दिवसांत संपतं, म्हणजे वर्षाला २४. आजारपण, परीक्षा, पाहुणेरावळे धरून पहिल्या वर्षी १८ पुरेत.

कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यांची काळजी नको, ती आपोआप होतात. गाडी अडते कवितेपाशी. संग्रह कादंबरीसारखा सलग वाचायला घेतला की थोड्याच वेळात डोकं बधिर होतं आणि दोष कवितेला जातो. रोज रात्री दोनच कविता घ्या, त्यातली एक मोठ्यानं वाचा. साठ कवितांचा संग्रह महिन्याभरात होतो, शिवाय जोडीला दुसरं पुस्तक चालू राहतं. नाटकाचंही तसंच. पात्रपरिचयाच्या पानावर खूण घालून ठेवा, पहिल्या अंकात तिथे सारखं परतावं लागतं. आणि रंगसूचना गाळू नका! कोण कोणाकडे पाठ फिरवतं, कोण बोलता बोलता थांबतं, ते तिथेच कळतं.

अनुवादित आत्मचरित्र ‘अनुवाद’ आणि ‘आत्मचरित्र’ अशा दोन्ही प्रकारांत मोजायचं का, हे जानेवारीतच ठरवा. माझ्या मते एकदाच मोजावं. ५० पानांनंतरही मन लागलं नाही तर पुस्तक बिनधास्त सोडा, पण त्याच प्रकारातलं दुसरं घ्या. जाडजूड इतिहास डिसेंबरवर ढकलू नका, तो मार्च-एप्रिलमध्येच हातावेगळा करा. पुस्तक संपलं की त्याच दिवशी वहीत तारीख आणि दोन ओळी लिहा. आठवड्यानं लिहायला बसलात तर पात्रांची नावंही आठवत नाहीत.