‘३२ इंची मॉनिटर, ४.३ तारे, घेऊ का?’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीच्या सेलपासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर एकच आहे. स्वस्तातल्या मोठ्या मॉनिटरची लिंक पाठवायची, तारे सांगायचे आणि ‘लोकांनी चांगलं लिहिलंय, घेऊ का?’ म्हणून विचारायचं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं होत नाही, म्हणून आपल्या इंदूरच्या वाचकांचे काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. मी मॉनिटर विकत नाही, दुरुस्त करतो. तेव्हा कुठल्या कंपनीचा घ्यावा, हे कृपा करून विचारू नका.

टेबल चार फूट लांब आणि दोन फूट खोल आहे. ३२ इंची मावेल का? (वैशाली नगर)

लांबीत मावेल. ३२ इंच हा कर्ण आहे, रुंदी सुमारे ७१ सेंटीमीटर भरते. टेबलाच्या खोलीत मात्र अडचण होईल, कारण स्टँडच वीतभर जागा खातो आणि पडदा नाकाशी येतो. भिंतीवर लावायचा असेल तर मागे ‘व्हेसा’ मापाची, म्हणजे भिंतीवरच्या स्टँडला जोडायची चार भोकं (एकमेकांपासून ७५ किंवा १०० मिलिमीटरवर) आहेत का ते बघा आणि ड्रिल चालवण्याआधी भिंत मिस्त्रीला दाखवा.

दुकानदार म्हणतो, जीएसटी उतरला म्हणून २७ इंची दोन हजारांनी स्वस्त झालाय, पण ऑफर या आठवड्यापुरतीच. खरं आहे का? (सुदामा नगर)

नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा कर १८ टक्के झाला, तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्ही-मॉनिटरवर. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. तुमच्या २७ इंचीचा या कपातीशी काडीचाही संबंध नाही. भाव उतरला असेल तर तो जुना माल काढायचा म्हणून, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त सरकारचं नाव पुढे करून घाई लावू नये. यापुढचा डाव असतो ‘बिल नको असेल तर अजून कमी करतो’. बिल नाही तर वॉरंटी नाही, एवढं लक्षात ठेवा. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. स्वतःचा जीएसटी नंबर असेल तर क्रेडिटचं काय ते सीएला विचारा.

एका साइटवर ३२ इंची फुल एचडी अकरा हजारांच्या आत मिळतोय. ४.३ तारे आहेत, ढिगाने अभिप्राय आहेत आणि बहुतेकांनी ‘पैसा वसूल’ लिहिलंय. मी घरून मराठी-हिंदी डीटीपी आणि थोडं टॅलीचं काम करते. भाऊ म्हणतो, अक्षरं फाटतात. कोणाचं ऐकू? (रामबाग)

भावाचं ऐका, ताई. कारण सांगायला जरा वेळ घेतो, कारण या एका गोष्टीपायी दर महिन्याला कोणी ना कोणी फसून माझ्याकडे येतं.

पडदा मोठा झाला म्हणून ठिपके वाढत नाहीत. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, मग पडदा २४ इंची असो की ३२ इंची. २४ इंचीवर एका इंचात ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२ आणि ३२ इंचीवर जेमतेम ६९. तिथला एकेक ठिपका ०.३७ मिलिमीटरचा होतो. चांगल्या नजरेला तो सुटा दिसायचा थांबतो साधारण सव्वा मीटरवरून, म्हणजे चार फुटांवरून. तुम्ही बसता हातभर अंतरावर.

इंग्रजी मजकूर यातही निभावून जातो. देवनागरीचं तसं नाही. ओळीची उंची तेवढीच, पण तिच्यात वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर कोंबायचं. नेहमीच्या आकाराच्या अक्षराला उंचीत दहा-बारा ठिपके मिळाले तरी नशीब. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक मुख्यतः डोक्यावरच्या रेघेतल्या फटीचा. ती फट एका ठिपक्याएवढी उरली की संगणक तिथे राखाडी रंग भरून वेळ मारून नेतो. मग प्रूफ वाचताना ‘भाऊ’चा ‘माऊ’ झालेला नजरेतून सुटतो आणि छापून आल्यावर गिऱ्हाईक ओरडतं. अक्षर १२५ टक्क्यांवर नेऊन मोठं करा, असा सल्ला सगळे देतात. करा, पण मग ज्या जास्तीच्या जागेसाठी मोठा पडदा घेतला तीच जागा गेली.

मग एवढे लोक खोटं लिहितात का? तसं नाही. पलंगावर टेकून क्रिकेट बघणारा, दुकानात सीसीटीव्हीच्या आठ चौकटी लावणारा, मुलाला गेमसाठी घेऊन देणारा, या सगळ्यांना तो पडदा खरोखर पैसा वसूल आहे. त्यांनी तुमच्या कामासाठी तारे दिलेले नाहीत, एवढंच. शिवाय अर्ध्या लोकांनी मॉनिटरला नव्हे, डिलिव्हरीला तारे दिलेले असतात: ‘पॅकिंग छान, वेळेत मिळालं’. हे पहिल्या दिवशीचं मत. पडद्याचा एक कोपरा सहा महिन्यांनी पिवळा पडला, तर तो माणूस परत येऊन तारे कमी करायला बसत नाही.

आणि एक गोष्ट लोक बघतच नाहीत. एकाच पानावर २२, २४, २७ आणि ३२ इंची असे सगळे आकार असतात आणि त्यांचे तारे एकत्र मोजलेले असतात. २२ इंचीवर अक्षरं सुरेख दिसली म्हणून मिळालेले पाच तारे तुम्ही ३२ इंचीच्या खात्यात धरता. अभिप्रायाच्या वर बारीक अक्षरात आकार लिहिलेला असतो, तो वाचा. नुसते ३२ इंचीवाले गाळून घ्या, त्यातले तीन ताऱ्यांचे आधी बघा. तीन तारे देणारा माणूस सहसा चिडलेला नसतो आणि भारावलेलाही नसतो. ज्याने पडद्यावरच्या मजकुराचा फोटो टाकलाय आणि वापरून काही महिने झाल्याचं लिहिलंय, त्याचा एक परिच्छेद माझ्या लेखी शंभर ‘झकास’पेक्षा मोलाचा. खोक्यातून ‘पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, वॉरंटी वाढवून मिळवा’ असं कार्ड निघाल्याचं कोणी लिहिलं असेल तर त्या मॉनिटरचे तारे विसरा. भारतीय मानक ब्युरोने अशा अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं आहे, पण ते ऐच्छिक आहे.

३२ इंचीच हवा असेल तर क्यूएचडी घ्या, म्हणजे २५६० बाय १४४० ठिपक्यांचा. त्यावर एका इंचात पुन्हा ९२ ठिपके येतात, तुमच्या ओळखीच्या २४ इंचीइतकेच, आणि वाढलेली जागा खरोखर वाढलेली असते. २७ इंची क्यूएचडी तर १०९ वर जातो. डीटीपीला मी तोच पसंत करतो. पैसे जास्त पडतात, हे खरं. पण दहा-बारा वर्षं जुन्या संगणकाच्या एचडीएमआयमधून कधी कधी फुल एचडीच्या वर चित्रच निघत नाही, म्हणून आधी तुमचा संगणक कोणा जाणत्याला दाखवा. मग आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये जा. डेमोला नेहमी रंगीत मासे पोहत असतात, ते बंद करायला सांगा. पेनड्राइव्हवर स्वतःच्याच कामाची पीडीएफ न्या, चष्मा लावा आणि हातभर अंतरावरून १०० टक्क्यांवर एक पान वाचा. पानाच्या शेवटी डोळे ताणले गेले तर उठून या.

त्यापेक्षा ३२ इंची टीव्हीच जोडला तर? (लोकमान्य नगर)

स्वस्तातला ३२ इंची टीव्ही बहुधा ‘एचडी रेडी’ असतो, म्हणजे १३६६ बाय ७६८. एका इंचात ४९ ठिपके. वरचं उत्तर पुन्हा वाचा.

मुलाला गेमिंगसाठी हवाय. १ मिलिसेकंद, १६५ हर्ट्झ आणि एचडीआर लिहिलंय. एवढ्या कमी किमतीत खरं असेल? (विजय नगर)

हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, खरे असतात, पण संगणकाचं ग्राफिक कार्ड तेवढ्या फ्रेम काढू शकतं का, ते आधी विचारा. नाही तर गाडी दारात आणि पेट्रोल नाही. १ मिलिसेकंदापुढे ‘एमपीआरटी’ लिहिलं असेल तर तो मागचा दिवा लुकलुकवून साधलेला आकडा आहे, ठिपक्याने रंग बदलायला घेतलेला वेळ नव्हे. स्वस्त मोठे पडदे बरेचदा व्हीए पॅनेलचे असतात. काळा रंग छान गडद येतो, पण अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तूमागे काळा फराटा ओढला जातो. गेम खेळणाऱ्यांच्या अभिप्रायात ही तक्रार शोधा. एचडीआरचं, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठसठशीत दाखवण्याचं, सोडून द्या. ‘एचडीआर१० सपोर्ट’ म्हणजे तो सिग्नल घेतो इतकंच. व्हेसाच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्राची पहिली पायरीसुद्धा ४०० निट्सची (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) आहे आणि या किमतीतले पडदे २५०-३०० च्या घरात असतात.

नोव्हेंबरच्या सेलमध्ये घेतला. टेबल यायचं होतं म्हणून खोका जानेवारीत उघडला. मधोमध एक हिरवा ठिपका सतत पेटलेला दिसतो. साइट म्हणते, परतीची मुदत संपली. कापडाने दाबून चोळलं की जातो म्हणे? (राजेंद्र नगर)

दाबू नका, चोळू तर मुळीच नका. एकाचे दोन होतील आणि मग कंपनी ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून हात वर करेल. व्हिडिओत चोळणारा माणूस तुमचं पॅनेल भरून देणार नाहीये.

पण मुळात खोका दोन महिने बंद ठेवायला मॉनिटर म्हणजे काय मुरांबा आहे? परतीची मुदत बहुतेक ठिकाणी आठ-दहा दिवसांची असते. त्या मुदतीत एका ठिपक्यासाठीसुद्धा बदलून मिळण्याची शक्यता असते. नंतर उरते कंपनीची वॉरंटी आणि तिचे नियम वेगळे. आयएसओ १३४०६-२ या २००१ सालच्या मानकात दुसऱ्या वर्गाच्या पडद्याला दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले ठिपके माफ होते. फुल एचडीत वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, हिशेब तुम्हीच करा. आता मानकं बदलली आहेत, पण एक ठिपका म्हणजे दोष नव्हे, हा कंपन्यांचा विचार तसाच आहे.

तरी प्रयत्न करा. सिरियल नंबर, बिल आणि अंधारात काढलेला फोटो घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे लेखी तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या आणि त्यांचं पिक्सेल धोरण लेखी मागा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बाकीच्यांनी एवढं करा: खोका आला त्याच दिवशी, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून उघडा. खोलीत अंधार करून पडद्यावर लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे सपाट रंग एकामागून एक लावा. टेबल नसलं तर पलंगावर ठेवून करा.

नाव कधी ऐकलं नाही अशी कंपनी ३ वर्षांची वॉरंटी देतेय. विश्वास ठेवावा? (नारायण बाग)

कंपनीच्या साइटवर स्वतःचा पिनकोड टाकून इंदूरमध्ये सर्व्हिस आहे का बघा आणि त्या केंद्राला आधी फोन लावा. ‘इथे फक्त जमा करतो, दुरुस्ती बाहेर होते’ असं उत्तर आलं तर ने-आण कोणाच्या खर्चाने, हेही विचारा. मागच्या स्टिकरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-नंबर (नोंदणी क्रमांक) असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून नाव जुळतं का ते तपासा.

वडील ६२ वर्षांचे, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. मोठा मॉनिटर आल्यापासून मान दुखते, डोकं जड होतं. दुकानात निळ्या प्रकाशाचा चष्मा सुचवला. (तिलक नगर)

प्रोग्रेसिव्ह भिंगात जवळचा नंबर खालच्या भागात असतो. पडदा मोठा आणि उंच असला की वरची ओळ वाचायला काका हनुवटी वर करून बसत असणार. बाजूला उभं राहून बघा, कळेल. पडदा इतका खाली घ्या की वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या खाली येईल, आणि ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाइतकाच ठेवा. मग डोळे ते पडदा हे अंतर टेपने मोजा आणि तो आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. खास त्या अंतराचा वेगळा चष्मा लागेल का, ते डॉक्टरच सांगतील. निळ्या प्रकाशाच्या भिंगांचं म्हणाल, तर वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात साध्या भिंगांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं दिसलं नाही. पैसे ठेवा, डॉक्टरांच्या फीला कामी येतील. डोकं तरीही दुखत राहिलं तर थांबू नका. मी स्क्रू फिरवणारा माणूस आहे, माझ्या सल्ल्यावर डोळे सोडू नका.

मॉनिटरची केबल लावताना हाताला झिणझिण्या येतात. मॉनिटर खराब आहे का? अभिप्रायातही एकाने ‘करंट मारतो, घेऊ नका’ असं लिहिलंय. (परदेशीपुरा)

बहुधा त्याच्या घरातही अर्थिंग नसेल. संगणकाच्या एसएमपीएसमधला (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातला) फिल्टर थोडासा प्रवाह अर्थकडे सोडतो. अर्थ नसली की तो कॅबिनेटवर येतो आणि एचडीएमआयच्या धातूच्या टोकातून तुमच्या बोटांत. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसवायला अर्थची जाड पिन तोडली असेल, तर आजच बदला. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी पाणी घालत नाही आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. लायसन्स असलेल्या वायरमनकडून मोजून घ्या. तोवर स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय केबलला हात लावू नका.

खोका टाकून दिला तर चालेल का? घरात जागा नाही. (स्नेहलता गंज)

परतीची मुदत संपेपर्यंत नाही. त्यानंतरही थर्माकोल आणि खोका माळ्यावर सपाट ठेवता आला तर ठेवा. ३२ इंची पडदा स्कूटरवर दोघांच्या मध्ये धरून सर्व्हिस सेंटरला नेणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना नंतर पॅनेलची किंमत सांगावी लागते.