गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘कमी’ होते का? तोंडी परीक्षेतल्या अर्ध्या उत्तराबद्दल

तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, ‘गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते का?’ तू ‘हो’ म्हणालीस आणि त्या ‘अर्धंच बरोबर’ म्हणून पुढे गेल्या. शिवाय वॉर्डातले नातेवाईक बाळंतिणीची प्रतिकारशक्ती वाढवायला कुठली पावडर आणू म्हणून विचारतात. आणि तुझा वैतागून विचारलेला प्रश्न: जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) हा धडा ठेवलाच कशाला, लेबर रूममध्ये अँटीबॉडी (जंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिनं) कोण मोजतं? सगळ्यांचं मिळून सांगते, कारण गुंता एकच आहे.

‘कमी होते’ हे अर्धं उत्तर, कारण प्रतिकारशक्ती सरसकट घटत नाही, तिची मांडणी बदलते. गर्भ अर्धा बापाचा. तो परका असूनही आईचं शरीर त्याला नऊ महिने बाहेर का टाकत नाही, हा प्रश्न पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने 1953 मध्ये नीट मांडला. पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही, पण एवढं कळलंय की वारेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी परकेपणाच्या नेहमीच्या खुणा दाखवतच नाहीत. त्याऐवजी एचएलए-जी नावाची, आईच्या पेशींना शांत ठेवणारी खूण दाखवतात. गर्भाशयातल्या एनके पेशींचं नाव ‘नॅचरल किलर’ असलं तरी तिथे त्या वारेला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंद करायला मदत करतात. म्हणजे पहारा उठलेला नाही, पहारेकऱ्यांची कामं बदललीत.

वॉर्डात याचे दोन परिणाम दिसतात. पहिला म्हणजे पांढऱ्या पेशी. गरोदर बाईचा काउंट 12-15 हजार सहज असतो, कळांमध्ये आणि लगेच नंतर 25 हजारांपर्यंतही जातो. त्यामुळे रिपोर्टवर लाल खूण दिसली म्हणून इन्फेक्शन समजायचं नाही आणि काउंट ‘बाळंतिणीला चालतो’ म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. नाडी, ताप, श्वास मोजायचे आणि अंगावरून जाणाऱ्याला वास आहे का ते बघायचं. दुसरा परिणाम असा की काही विशिष्ट आजार गरोदर बाईला फार जड जातात: फ्लू, मलेरिया, कांजिण्या आणि हेपटायटिस ई. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा गरोदर बायकांना जोखमीच्या गटात धरलं होतं, ते यामुळेच. हेपटायटिस ईबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण पावसाळ्यात पाण्याच्या पाइपात गटार मिसळलं की आपल्याकडे ही कावीळ येतेच. घरातल्या इतरांना ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होणारी साधी कावीळ असते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईमध्ये मात्र काही साथींत मृत्यूचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास गेलंय. उपकेंद्रावर गरोदर बाई डोळे पिवळे घेऊन आली, तर ‘गावठी औषध घेऊन बघा’ असं कोणालाही म्हणू देऊ नकोस, त्याच दिवशी वरच्या रुग्णालयात पाठव.

आता बाळाकडे. बाळाची स्वतःची फौज जन्मतः कच्ची असते, म्हणून ते आईकडून उसनं घेतं. यातलं पहिलं उसनं वारेतून मिळतं. आयजीजी ही एकाच जातीची अँटीबॉडी वार ओलांडते. तिची ने-आण दुसऱ्या तिमाहीत सुरू होते, पण मुख्य साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात कधीकधी आईपेक्षाही जास्त आयजीजी सापडते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला हा साठा पुरेसा मिळालेला नसतो. एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षाच्या) दारात हात धुण्यावरून सिस्टर ओरडते ती याच कारणाने.

टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीच्या) तारखा इथेच बसतात. पहिला डोस नोंदणीच्या वेळी, दुसरा चार आठवड्यांनी, आणि मागच्या तीन वर्षांत दोन्ही डोस झाले असतील तर एकच बूस्टर. दुसरा डोस प्रसूतीच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवा, कारण इंजेक्शन आईच्या दंडात दिलं तरी धनुर्वातापासून वाचवायचं असतं बाळालाही. एकेकाळी नाळेला राख-शेण लावलेली बाळं आठवड्याभरात दातखिळी बसून जात. 2015 मध्ये भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. धनुर्वाताचे जंतू मातीत आहेतच, त्यामुळे डोस चुकवून चालत नाही.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस जन्मल्याबरोबर न देता नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, तेही या उसन्या आयजीजीमुळे. आईची अँटीबॉडी बाळात शिल्लक असेल तर ती लसीतल्या विषाणूलाच मारून टाकते आणि लस वाया जाते. ‘लवकर दिली तर बरं नाही का?’ असं आया विचारतात, त्यांना हेच सांग.

याच वाटेने नको तेही जातं. निगेटिव्ह रक्तगटाच्या आईने आधीच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी बनवली असेल, तर तीही आयजीजीच असते आणि पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडते. म्हणून बाळ पॉझिटिव्ह निघालं की 72 तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन, म्हणजे ती अशी अँटीबॉडी बनवत नाही. गर्भपातानंतरही निगेटिव्ह बाईला विसरायचं नाही. हे फार वेळा विसरलं जातं. आणि आयजीएम वार ओलांडत नाही. त्यामुळे नवजात बाळाच्या रक्तात रुबेलाची आयजीएम सापडली, तर ती बाळाने स्वतः बनवलेली असते, म्हणजे पोटातच संसर्ग झालाय. हा प्रश्न तोंडी परीक्षेचा आवडता आहे, लक्षात ठेव.

दुसरं उसनं म्हणजे चीक. त्यातली आयजीए रक्तात जात नाही; ती आतड्याच्या आणि घशाच्या आतल्या थरावर राहून जंतूंना चिकटू देत नाही. सोबत लॅक्टोफेरिन हे जंतूंशी लढणारं प्रथिन, जिवंत पांढऱ्या पेशी आणि बाळाला पचत नाहीत अशा काही साखरा असतात. त्या साखरा आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य. पहिल्या दिवशी चीक एका वेळी चमचाभरच निघतो. आजी म्हणते ‘दूधच नाही हिला’ आणि मधाचं बोट पुढे येतं. तेव्हा आजीशी वाद घालू नकोस. बाळाचं पोटच एवढंसं आहे, त्याला पुरेल इतकंच येतंय, हे तिला बाळ पाजत असताना दाखव. मध आणि गुटी वर्षाच्या आत नको. मधात बॉट्युलिझमचे (बाळाला लुळं पाडणाऱ्या आजाराचे) बीजाणू असू शकतात आणि बाहेरचं काहीही पोटात गेलं की पहिल्या तासाच्या चिकाचा फायदा कमी होतो. सिझर झालं तरी शुद्धीवर असलेल्या आईच्या छातीवर बाळ ठेवता येतं; थोडा हट्ट धरावा लागतो. बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर घासून काढायचा नाही, त्यातही जंतुनाशक प्रथिनं असतात. आंघोळ 24 तासांनंतर.

आता ‘अँटीबॉडी कोण मोजतं’. लेबर रूममध्ये कोणीच नाही, आणि तिथे मोजायची गरजही नाही. या विषयात दाई-सुईणींच्या हातांचा वाटा रक्ततपासणीपेक्षा जुना आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1840 च्या दशकात दोन प्रसूती विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. पहिल्यात बाळंतज्वराने सुमारे दहा टक्के बायका दगावत, सुईणींच्या विभागात चार टक्क्यांच्या आत. बायका पहिल्या विभागात नको म्हणून गयावया करत. तिथल्या सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच लेबर रूममध्ये येतात. सुईणी प्रेतांना हात लावत नाहीत. 1847 मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर गेलेला मृत्युदर जूनपर्यंत दोन टक्क्यांवर आला. जंतूंचा सिद्धांत तेव्हा यायचा होता. (पुढे लोकांनी सेमेलवाइसला कसं वागवलं तो वेगळा विषय, वाचलास तर चिडशील.)

आज प्रेतांचा प्रश्न नाही, पण पीव्हीचा, म्हणजे योनीत बोटं घालून केलेल्या तपासणीचा आहे. पाणमोट फुटल्यावर प्रत्येक तपासणी जंतूंना वर ढकलते. सुरळीत चाललेल्या कळांमध्ये चार तासांनी एक तपासणी पुरते. शिकायला मिळावं म्हणून एकामागून एक तिघींनी बोटं घालायची, हे मी जिथे जिथे बघितलं तिथे बंद पाडलं. पाणी जाऊन 18 तास झाले की डॉक्टरांना सांगायचंच.

बाळ घरी गेल्यावरचं जरा नीट शिकून घे. नवजात बाळाला सेप्सिस (अंगभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) झाला की ताप येईलच असं नाही. ते उलट गार पडतं, ओढायचं सोडतं, मलूल होतं, छाती आत ओढत श्वास घेतं. काखेत 35.5 अंशांच्या खाली तापमान हे तापाइतकंच धोक्याचं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने 39 गावांत गावातल्याच बायकांना ही लक्षणं ओळखायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी उतरला होता; 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशाताईच्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशीच्या भेटी या कामातून आल्या.

पावडरीचं म्हणशील तर डबा परत ठेवायला सांग. लोहाची गोळी, पुरेसं जेवण, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खाऊ देत, प्रतिकारशक्तीच्या नावाखाली नाही, बाळंतिणीला भूक असते म्हणून. त्या पैशांत बाळाच्या दोन टोप्या येतील.

आणि पुढच्या वेळी बाई ‘ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह इम्युनिटी एकाच रुग्णात दाखव’ म्हणाल्या, तर आई हेपटायटिस बी पॉझिटिव्ह असलेलं बाळ सांग. हेपटायटिस बीची लस प्रत्येक बाळाला 24 तासांत मिळतेच. या बाळाला मात्र दोन्ही शक्यतो 12 तासांच्या आत: एका मांडीत लस (बाळ स्वतः अँटीबॉडी बनवतं, ती ॲक्टिव्ह), दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडी, ती पॅसिव्ह).