क्वेरी ६० सेकंदात मरते, काय करू?

प्रश्न: विकिडेटावरून (विकिपीडियाच्या जोडीचा, कुणालाही भर घालता येईल असा माहितीसाठा) महाराष्ट्रातल्या किल्ल्यांची यादी काढतोय, नावं मराठीत हवीत. त्याला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा स्पार्कल जेमतेम येतं. नावात 'गड' असलेलं सगळं शोध असा फिल्टर लावला तर दरवेळी टाइमआउट, म्हणजे ६० सेकंदांची मर्यादा संपून क्वेरी बंद. मग नावाप्रमाणे सॉर्ट करून लिमिट १० टाकलं तरी तेच! दहा ओळींना एवढा वेळ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अहो, सॉर्ट सांगितलंत ना, मग पहिले दहा कोणते हे कळायला त्याला आधी सगळे गोळा करावे लागतात, लिमिट अगदी शेवटी लागतं. सॉर्ट काढा, पुढे एक्सेलमध्ये करा की.

खरी गोची त्या 'गड' मध्ये आहे. विकिडेटावर दहा कोटींच्या वर आयटम (एकेका गोष्टीच्या नोंदी) आहेत, प्रत्येकाची नावं कितीतरी भाषांत, आणि तुमचा फिल्टर त्यातलं एकेक नाव वाचत बसतो, ६० सेकंदात कुठलं होतंय. आणि झालं असतं तरी काय, छत्तीसगड आणि अलिगड यादीत आले असते आणि शिवनेरी, सिंधुदुर्ग, जंजिरा बाहेर! नावावर जाऊच नका, प्रकारावर जा. 'हा कशाचा नमुना' या प्रॉपर्टीत (नोंदीतल्या रकान्यात) किल्ला किंवा त्याचा उपप्रकार, आणि देश भारत, एवढं टाकलं की कोटींवरून एकदम आटोपशीर यादीवर येता.

आता महाराष्ट्र. 'कुठल्या प्रशासकीय भागात' ही पी १३१ प्रॉपर्टी, तिच्यापुढे तारा (*, म्हणजे 'कितीही पायऱ्या') लावला की किल्ल्यापासून तालुका, जिल्हा, राज्य असं वर चढता येतं, तीनचार पायऱ्या फक्त. पण कधीकधी क्वेरी चालवणारं इंजिन उलटं निघतं, म्हणजे महाराष्ट्रापासून खाली, आणि मग सगळे जिल्हे, तालुके, हजारो गावं धुंडाळत सुटतं आणि त्यात किल्ले शोधतं. ग्राफ डेटाबेसमध्ये (एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साठ्यात) अर्धी लढाई हीच असते, सुरुवात कुठल्या टोकाकडून करायची. इथे मागे ब्लेझग्राफ हा डेटाबेस आहे, त्याला 'गिअरिंग फॉरवर्ड' अशी हिंट (सूचना) पी १३१ च्या ओळीच्या लगेच खाली देता येते, म्हणजे तो किल्ल्याकडूनच निघतो.

मराठी नावं सगळ्यात शेवटी. आतल्या सबक्वेरीत (क्वेरीच्या पोटातल्या छोट्या क्वेरीत) फक्त किल्ले काढा, बाहेर नावं आणून देणारी लेबल सर्व्हिस लावा, भाषा 'एमआर' (मराठी) आणि तिच्यामागे 'ईएन' (इंग्रजी), नाहीतर मराठी नाव नसेल तिथे नुसता क्यू नंबर (नोंदीचा क्रमांक) दिसेल. तालुका हवा असेल तर तो ऑप्शनलमध्ये ('नसला तरी चालेल' अशा भागात) घ्या, पण आधी नुसता काउंट (मोजणी) चालवून किती किल्ले येतात ते बघा.

एखादा ओळखीचा किल्ला तरीही आला नाही तर क्वेरीला शिव्या देऊ नका, त्याचं पान उघडा. बहुतेक वेळा पी १३१ रिकामं असतं किंवा प्रकारात नुसतं 'पर्यटनस्थळ' लिहिलेलं असतं. तिथेच दुरुस्त करा, लॉगिन केलंत तर बरं, आणि थोड्या वेळाने परत चालवा.