शेठजींना फीचर नको, दिवाळीचा माल दाखव

अनेक आशीर्वाद.

तुझं पान वाचलं. ‘क्लाउडवर जाऊन आपल्याला नेमकं काय मिळणार, एका पानात लिहून आण’ असं मालकांनी सांगितलं आणि तू माहितीपत्रकातलं सगळं त्यात ओतलंस: स्केलेबिलिटी, एजिलिटी, एआय-रेडी. शेठजी दोन ओळी वाचतील आणि विचारतील, ‘खर्च किती?’ तिथेच तुझी बोलती बंद होईल. म्हणून पत्र जरा लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

भडंग-चिवड्याच्या कंपनीत क्लाउड डेटा प्लॅटफॉर्मचा, म्हणजे सगळे आकडे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर एका जागी आणण्याचा, फायदा समजावायचा असेल तर मी फक्त दिवाळी घेईन. सणाच्या आधी दीड-दोन महिने डिस्ट्रिब्युटरकडे माल भरायला सुरुवात होते. स्कीम लागते, टार्गेट असतं, सेल्स ऑफिसर फोनवर फोन करतात आणि कंपनीच्या बिलांत विक्री झकास दिसते. कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरला गेलेली ही विक्री म्हणजे प्रायमरी. डिस्ट्रिब्युटरकडून दुकानांत किती गेलं, ती सेकंडरी. ती तुमच्याकडे कुठे आहे? थोडी सेल्समनच्या ॲपमध्ये, थोडी डिस्ट्रिब्युटरच्या टॅलीत आणि उरलेली व्हॉट्सॲपवर आलेल्या एक्सेलमध्ये. महिना संपला की तुमचा एमआयएसवाला, म्हणजे रिपोर्ट बनवणारा माणूस, एक्सेलचं व्हीलुकअप लावून जुळवाजुळवीला बसतो आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत नव्या महिन्याचा पहिला आठवडा उलटलेला असतो. तोवर जतला पेट्या पडून आहेत आणि कराडला दुकानदार ‘माल नाही’ म्हणून दुसऱ्याचं पाकीट टांगतोय, याचा कुणालाच पत्ता नाही. दिवाळी झाली की जतचा तोच माल मुदत संपली म्हणून एक्स्पायरीच्या क्लेममधून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या भरपाईच्या मागणीतून, परत येतो.

आता प्रायमरी, सेकंडरी आणि शिल्लक साठा, तिन्ही रोज रात्री एका जागी आले असं समज. शिल्लक भागिले रोजची सरासरी सेकंडरी, म्हणजे कुणाकडे किती दिवसांचा माल आहे ते कळतं. समजा, जतला पन्नास दिवसांचा निघाला आणि कराडला चार दिवसांचा. मग जतची स्कीम थांबवायची, पेट्या कराडकडे वळवायच्या आणि उद्याच्या पाळीत कोणतं पाकीट भरायचं ते बदलायचं. हा निर्णय दिवाळीच्या आधी झाला तरच त्याला किंमत आहे. अकाउंट्समधून गेल्या वर्षीच्या एक्स्पायरी क्लेमची रक्कम काढ आणि पानाच्या पहिल्या ओळीत लिही. शेठजी तिथे थांबून वाचतील.

‘हे आपल्याच सर्व्हरवर का नाही?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल आणि तो रास्त आहे. खरं तर एकच टॅली आणि वर्षाला काही लाख ओळी असत्या, तर साधा पोस्टग्रेस डेटाबेस पुरेसा आहे असं मीच सांगितलं असतं. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात. तुमच्या सगळ्या डिस्ट्रिब्युटरांची सेकंडरी बिलं ओळीओळीने मांडलीस तर ती हद्द कधीच मागे पडेल. पण अडचण नुसत्या आकाराची नाही, एकाच वेळी होणाऱ्या गर्दीची आहे. महिन्याच्या 11 तारखेची जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, गाठायला अकाउंट्स घाईत असतं, नेमकं तेव्हाच सेल्सला गेल्या महिन्याचा आढावा हवा असतो. एकाच मशिनवर दोघं आले की दोघंही खोळंबतात. वर्षातल्या त्या मोजक्या दिवसांसाठी मोठा सर्व्हर घ्यायचा, तर उरलेलं वर्ष तो नुसता वीज खात बसतो.

क्लाउड प्लॅटफॉर्मची खरी कल्पना इथे आहे. डेटा साठवणं आणि त्यावर हिशोब चालवणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. ॲमेझॉनने 2006 मध्ये एस-थ्री ही स्वस्त साठवणूक सेवा आणली, गूगलचं बिगक्वेरी हे डेटा प्लॅटफॉर्म 2010 मध्ये जाहीर झालं, आणि 2012 मध्ये स्थापन झालेल्या स्नोफ्लेक या डेटा प्लॅटफॉर्मच्या कंपनीने तर सगळी मांडणीच या विभागणीवर उभी केली. डेटा एकच. हिशोब चालवणारं अकाउंट्सचं इंजिन वेगळं, सेल्सचं वेगळं. एकाच्या कामाने दुसऱ्याचं अडत नाही. सीझनपुरता भाड्याचा टेम्पो लावतो तसं काम असेल तेव्हा इंजिन सुरू करायचं, संपलं की बंद. स्नोफ्लेकमध्ये सगळ्यात लहान इंजिन तासाला एक क्रेडिट (त्यांच्या बिलाचं एकक) खातं आणि पुढचा प्रत्येक आकार दुप्पट. म्हणजे लहान इंजिनावर चार तास चालणारं काम चौपट मोठ्यावर तासाभरात उरकलं, तर पैसे तेवढेच. असं नेहमी चोख जमत नाही, पण मोठ्या कामात बरंचसं जमतं.

आता बिलाबद्दल, कारण बहुतेक कंपन्या इथेच पोळतात. वापराप्रमाणे पैसे याचा अर्थ निष्काळजीपणालाही पैसे. स्नोफ्लेक सेकंदावर आकारणी करतं, पण इंजिन सुरू झालं की किमान 60 सेकंदांचे पैसे लागतात. कुणी हौसेने डॅशबोर्ड दर पाच मिनिटांनी रिफ्रेश व्हायला लावला, तर इंजिनाला झोपच लागत नाही. रविवारी कुणी बघत नसतानाही मीटर पळत राहतो. तुमचा डेटा रात्री एकदाच येणार आहे, मग डॅशबोर्डही सकाळी एकदा ताजा झाला की पुरे. ऑटो-सस्पेंड, म्हणजे काम नसताना इंजिन आपोआप बंद होण्याची वेळ, मिनिटावर ठेव आणि खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी घालून ठेव. बिगक्वेरीचा नेहमीचा दर क्वेरीने, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नाने, किती डेटा चाळला त्यावर आहे. तिथे ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम दे) लिहून खाली ‘लिमिट 10’ (दहाच ओळी दाखव) टाकलं की दहाच ओळींचे पैसे लागतील, असं नव्या मुलांना वाटतं. साध्या टेबलवर तसं होत नाही, सगळे कॉलम चाळले जातात. हवे तेवढेच कॉलम माग आणि टेबलाचे तारखेनुसार कप्पे (पार्टिशन) कर. महिन्याला पहिला एक टेराबाइट चाळणं फुकट आहे, त्यामुळे तुमचा प्रयोग जवळजवळ बिनपैशात होईल. हे मात्र पानावर जरूर लिही!

चुकून पुसलेलं टेबल परत मिळतं, हाही फायदा सांग, पण एकाच वाक्यात. बिगक्वेरीत सात दिवस मागे जाता येतं; स्नोफ्लेकमध्ये साध्या योजनेत एक दिवस, महागड्या योजनेत 90 दिवसांपर्यंत.

‘आपला धंदा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर?’ असं शेठजींचे मोठे बंधू म्हणतील. त्यांना हसू नकोस. ॲमेझॉन आणि गूगल दोघांची डेटा सेंटर मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात, त्यामुळे डेटा देशातच ठेवता येतो. पण धोका बहुतेक वेळा आपल्या बाजूने येतो. 2024 मध्ये स्नोफ्लेकच्या बऱ्याच ग्राहकांचा डेटा चोरीला गेला, त्यांत एटी अँड टी आणि तिकीटमास्टरसारखी नावं होती. प्लॅटफॉर्म फोडला गेला नव्हता. चोरलेले पासवर्ड वापरले गेले आणि त्या खात्यांना ओटीपीसारखं दुसरं कुलूपच नव्हतं. तुमच्याकडे हजारो दुकानदारांचे मोबाइल नंबर असणार आणि ते नंबरही 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. तेव्हा दुसरं कुलूप सगळ्यांना सक्तीचं, शेठजींनासुद्धा.

‘दोन माणसं कमी होतील’ असं मात्र लिहू नकोस. ते होत नाही, आणि ज्या एमआयएसवाल्याच्या मदतीशिवाय तुझं पान हलणार नाही तोच तुझ्या विरोधात जाईल. 200 ग्रॅम भडंगाला तीन गोडाऊनमध्ये तीन कोड आहेत, हे त्याला तोंडपाठ आहे. एका ठिकाणी स्कीमचं फुकट पाकीट विक्रीत धरतात, दुसरीकडे धरत नाहीत, हेही त्यालाच ठाऊक. हे कोड आणि हे नियम एक झाले नाहीत, तर क्लाउडवर तीनच्या तीन आकडे जातील, फक्त जास्त वेगाने. आयटम मास्टर, म्हणजे मालाच्या कोडांची मूळ यादी, साफ करायला कोणतंही सॉफ्टवेअर येत नाही. त्याला आणि अकाउंट्सच्या एकाला शेजारी बसवावं लागतं, आणि वाद झाला की निकाल शेठजींनीच द्यावा लागतो. तेवढा त्यांचा वेळ या पानावरच मागून घे. पैशांपेक्षा तो मिळवणं अवघड जाईल.

पूर्ण कंपनीचा प्रस्ताव नको. सांगली आणि सातारा हे दोनच जिल्हे, भडंग आणि चिवडा हे दोनच माल, आणि मुदत यंदाच्या दिवाळीपर्यंत. वेगळा पगारी तज्ज्ञ आत्ता नको. तुला एसक्यूएल (डेटाला प्रश्न विचारायची भाषा) येतं, तेवढ्यावर निघेल. नवं पान शुक्रवारपर्यंत पाठव आणि सोबत तिन्ही गोडाऊनची आयटम यादी जोड. ती न बघता मी खर्चाचा आकडा सांगणार नाही.

तुझा,
काका