लालबाग-परळमध्ये एवढे टॉवर झाले, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, मग तिथली लोकसंख्या प्रचंड वाढली असेल ना? घर घ्यावं का?

जनगणनेचे आकडे उलटं सांगतात. मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, 2001 साली 33,38,031 माणसं होती. 2011 साली 30,85,411. दहा वर्षांत अडीच लाख कमी! त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा सात लाखांनी वाढला.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण. खाट आजोबांची, खाटेखाली आम्ही दोघं भावंडं, काका बाहेर गॅलरीत. मजल्याच्या टोकाला एका गावकरी मंडळाची, म्हणजे एकाच गावाहून गिरणीत कामाला आलेल्या पुरुषांची सामाईक खोली होती. भिंतीला वीस-पंचवीस ट्रंका लावलेल्या, आणि अंथरुणं मात्र आठ-दहाच. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे. आजच्या कुठल्याही टॉवरमध्ये एवढी दाटी नाही.

18 जानेवारी 1982 ला कापड गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. मंडळाच्या खोलीतले बरेचसे गावी गेले. ज्यांच्या नावावर खोली होती, त्यांनी मुलांची लग्नं झाल्यावर ती विकून डोंबिवली, विरार गाठलं. आमचे काकाही त्यातच गेले. नव्या टॉवरमध्ये चाळीतल्या चार खोल्यांच्या जागेत तीन माणसं राहतात, काही फ्लॅटना तर कुलूपच असतं.

तरी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. बाबा भोंगा वाजला की दहा मिनिटांत चालत गिरणीत पोचायचे. आता गिरण्यांच्या जागेवर ऑफिसं आहेत आणि तिथली माणसं कल्याण-विरारहून लोकलने येतात. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, दिवसभर असतो तिथे नाही. पूर्वी चालत कामाला जाणाऱ्यांच्या या वस्तीतल्या स्टेशनांवर हा सगळा भार पडला. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या (आताचं प्रभादेवी) अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. त्या पुलावरून मी कितीदा गेलोय. आधी पूल रुंद करायचे आणि मग ऑफिसांना परवानग्या द्यायच्या, एवढा साधा क्रम पाळला गेला नाही, याचा मला आजही संताप येतो.

घर बघायला रविवारी येऊ नका, तेव्हा सगळं मोकळं दिसतं. मंगळवारी-बुधवारी सकाळी साडेनऊला या, आधी स्टेशनच्या जिन्यावर दहा मिनिटं उभे राहा, आणि मग बिल्डिंगपर्यंत चालत जा.