वडिलांना पॅरॅलिसिस झाल्यापासून ते एकच शब्द बोलतात. त्यांची बुद्धी गेली असेल का? स्पीच थेरपीचा उपयोग होतो का?

बुद्धी गेलेली नाही. गेली असं घरातलं कुणी म्हणत असेल, तर त्याचा जमिनीचा काही हिशेब अडकलाय का ते आधी बघा. चेष्टा करत नाही.

आमचे अप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की वजन असं पुकारायचे की पलीकडच्या गाळ्यात ऐकू जायचं. अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडात एकच शब्द उरला, 'तेच'. जेवायचंय? तेच. दुखतंय? तेच. चिडले तरी तेच, फक्त जोरात. पॅरिसच्या डॉ. पॉल ब्रोकांनी १८६१ साली ज्याचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, त्या रुग्णालाही 'टॅन' एवढंच म्हणता यायचं, लोक त्याला हाकच टॅन म्हणून मारायचे. इजा निघाली डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात. उजवं अंग डावा मेंदू चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिथंच असते, म्हणून उजवा हात आणि वाचा पुष्कळदा बरोबरच जातात. याला वाचाघात म्हणतात, अफेजिया. मला हे आठ महिन्यांनी कळलं. डिस्चार्ज देताना गोळ्या सांगितल्या, हातापायाचा व्यायाम सांगितला, बोलण्याचं विचारलं तर "येईल हळूहळू".

त्या आठ महिन्यांत आमच्या चुलत्यांनी डाव साधला. विहीर सामाईक. आमचं रान जास्त, म्हणून आठवड्यात चार दिवस मोटर आमची, तीन दिवस त्यांची. एक दिवस तात्या चार पाहुणे घेऊन आले. "दादा, औंदा चार दिवस मी घेतो, तीन तुला. चालंल न्हवं?" अप्पा म्हणाले, "तेच." "बघा, कबूल झाला." मी म्हटलं, हा होकार नव्हे. तर म्हणे, "मग डोकं गेलंय म्हण की, इचारायचाच प्रश्न न्हाई." दोन्हीकडून पाणी त्यांच्याच रानात.

पुढं मिरजेच्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, हो-नाहीवर जाऊ नका, तोच प्रश्न उलटा करून विचारा. मी तात्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर विचारलं, "अप्पा, विहीर विकून टाकूया?" "तेच." तात्या गप्प. मग ताटात सात हळकुंडं ठेवली, म्हटलं पाळी वाटा. अप्पांनी डाव्या हातानं चार स्वतःकडं ओढली, तीन तात्यांकडं सारली आणि एक अख्खी शिवी हासडली, कुठंही न अडखळता. (शिव्या, आरत्या, वारांची नावं अशा तोंडात बसलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात. अप्पा गणपतीत आरती म्हणायचे, पण त्यातलाच एखादा शब्द सुटा मागितला तर यायचा नाही.) तात्यांचं म्हणणं, मी आधी शिकवून ठेवलं होतं.

तेव्हा वडिलांच्या वतीनं उत्तर देऊ नका. शब्द शोधत असले तर थांबा, आपण पुरा करू नका. एका वेळी एकच प्रश्न. वस्तू, चित्र, बोटं, काहीही पुढं करा. ओरडून बोलू नका, कान गेलेले नाहीत.

थेरपीचा उपयोग होतो. किती दिवसांत, ते छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, नंतरही होते. आमच्याकडं 'पाणी' हा शब्द दुसऱ्या वर्षी आला.

आता, मी वर ठासून 'गेलेली नाही' म्हटलं ते अप्पांच्या अनुभवावरून. काहींना बोललेलंच नीट कळत नाही, ते घडाघडा बोलतात पण अर्थ लागत नाही. काहींची भाषा शाबूत असते, नुसती जीभ जड होते, तो वेगळा प्रकार. आणि झटक्यानंतर विचारशक्तीवर परिणाम होऊच शकत नाही असंही नाही. तपासणी करून घ्या. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा.

पाळीचं म्हणाल तर तात्या अजून चार दिवस मोटर चालवतात.