जुन्या शिडाच्या होडीचं पितळी सामान बदलावं का?

बडोद्यात अंगणात बरीच वर्षं उन्हात पडलेली सागवानी होडी, पितळी स्क्रू आणि कप्प्या. सगळं काढून स्टीलचं बसवावं का, असा तुमचा प्रश्न आहे. सरसकट बदलू नका.

आधी एकेक स्क्रू काढून कानशीने घासून पाहा. आत पिवळं निघालं तर ठीक. गुलाबीसर, तांब्यासारखं दिसलं तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून गेलंय. असा स्क्रू वरून धड दिसतो आणि पिळताना तुटतो. पाण्याखाली सिलिकॉन ब्राँझच (तांब्याचा, जस्तावर न बेतलेला मिश्रधातू) घाला. स्टेनलेस तिथे नको: ओल्या लाकडात हवा मिळत नाही आणि ते फटीत आतून कुरतडलं जातं. वरच्या भागाला 316 प्रतीचं स्टेनलेस चालेल, 304 प्रतीच्या स्टेनलेसला खाऱ्या हवेत गंजाचे डाग पडतात.

भोकं ढिली झाली असतील तर मोठी करून दाट कालवलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणारा राळेसारखा गोंद) भरा, सुकल्यावर त्यातच नवं छिद्र पाडा. त्यामुळे पाणी लाकडाच्या गाभ्यात शिरत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण मी कधीच टाळत नाही.

कप्प्यांसाठी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या अलंगला जा. जहाजं तोडतात तिथल्या दुकानांत जुनं सामान मिळतं. वजनदार ब्राँझ कप्पी हातात घेतली की नव्याचा मोह उरत नाही.

आणि फळ्यांमधल्या फटी कडक लांबीने (पुट्टीने) बुजवू नका! आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसलंय. पाण्यात गेल्यावर ते फुगेल, मग कडक लांबी फळ्यांनाच रेटेल.